बुधवारची गोळी

अमरावती
६ नोव्हेंबर २०२४

रईसा,

पत्र पाहून घाबरू नोको, मी मेली नाही. मेली असती त नितेशनं फोन केला असता, मेल्याचं पत्र कोण लिहिते आजकाल. फोनवर माहं बोलणं तुले समजत नाही अन् तू नुसती रडत राह्यतं. ऑपरेशनात अर्धी जीभ गेली, उरली तिले मशीनच्या किरणांचा शेक देऊन देऊन वाळवली. म्हणून आता लिहून बोलतो. लोकं म्हणत असतील, जमुनाची जीभ कापली, गावाले सुख झालं. त्याहिले सांग, हात शाबूत हाय.

तेल्हाऱ्याकडचं घर बंद करून मी इथंच पोराच्या, नितेशच्या खोलीवर राह्यतो. दवाखाना जवळ पडते. आता दवाखान्याचं ऐक. आमच्या डॉक्टर भावना मॅडम तोंडाच्या कॅन्सरवर एक अभ्यास करून राहिल्या. ज्याहिचं ऑपरेशन अन् शेक झाला, त्याहिचे दोन गट. एका गटाले दर बुधवारी सकाळी गोळ्या, बारक्या, पिवळ्या, सहा. आठवड्यातून एकदाच. महिन्याभराच्या एकदम घरी देतात, दर वेळी रक्त तपासून. दुसऱ्या गटाले गोळ्या नाहीत, फक्त येऊन तोंड दाखवायचं. मंग पुढं पाह्यतील, रोग कोणात परत आला अन् कोणात नाही. मी पाटीवर लिहून इचारलं, गोळी चांगली हाय त सगळ्याहिले काहून देत नाही? त्या म्हणाल्या, चांगली आहे की वाईट तेच कोणाला माहीत नाही, तेच पाहायचंय. कोणाले कोणता गट, ते मॅडमच्या हातात नाही. कम्प्युटर चिठ्ठी काढते.

माही चिठ्ठी गोळीची निघाली. नवरा जाऊन इतकी वर्सं झाली, माह्यावर कोणाचा जीव बसला नोता, शेवटी कम्प्युटरचा बसला.

पण चंदाची नाही निघाली. चंदा परतवाड्याची, माह्यासंगंच शेक घ्यायची. पोरगीच हाय म्हण ना, तिच्या स्वतःच्या दोन पोरी अजून बालवाडीत हायेत. नवरा सूर्यभान धारणीच्या रोडनं जीप चालवते. चिठ्ठी ऐकली अन् बाकावर बसून तोंडाले पदर लावून रडली. मले म्हणे, काकू, तुमचं सगळं पाहून झालं, माह्या पोरी त अजून… मी तिच्या गालाचा चिमटा घेतला अन् म्हटलं, रडू नोको, मी हाय ना.

तुह्या घरी जहीरभाऊच्या रजया भरणं चालू झालं असंल. त्याले म्हणा, माह्यासाठी एक जाड भरून ठेव, मी लवकर जाणारी नाही.

जमुना


अकोला
१५ नोव्हेंबर २०२४

जमुना,

तुहं पत्र दोनदा वाचलं. एकदा हासायले, अन् एकदा हासून झाल्यावर जे उरलं त्याच्यासाठी.

एक गोष्ट टोचून राहिली. “मी हाय ना” म्हणजे काय? मी तुले पहिलीपासून ओळखतो. शाळेत खायले सुकडी मिळायची, तू तुही साऱ्या पोरीहिले वाटायची अन् घरी जाऊन भुकेनं मायच्या मागं लागायची. जमुना, तू चंदाले तुह्या गोळ्या देऊन राहिली का? हो का नाही, तेवढंच लिही. मस्करी नोको.

आमच्याकडं ठीक. थंडी पडली तसं रजयांचं काम वाढलं, साऱ्या घरात कापूस उडते. आमचे हे आजकाल गुमसुम राह्यतात. जेवायलेही कंटाळतात. कामाचा ताण असंल.

आमच्या सुनेचा, नगमाचा सलाम. तिले पोरगी झाली त नाव तू ठेवशीन म्हणते. मी म्हटलं, जमुना नावं ठेवण्यात पहिलेपासून हुशार हाय.

तुही रईसा


अमरावती
९ डिसेंबर २०२४

रईसा,

हो.

घे, तेवढंच लिहिलं. आता तुह्या डोळ्यावरचा चष्मा वर कर अन् पुढचं वाच. सहातल्या तीन माह्या, तीन तिच्या. दवाखान्यात रिकाम्या पट्ट्या परत द्याव्या लागतात, त्या मीच देतो, कोणाले काही कयत नाही. मॅडमनं सांगतलं होतं, गोळी दुसऱ्या कोणाले देऊ नका. पण असं त त्या चपला बाहेर काढा म्हणूनही सांगतात, कोण ऐकते.

तूच सांग, तुरीच्या पहिल्या शेंगा आल्या त आपण शेजारच्या घरी वानोळा धाडल्याबिगर चूल पेटवली कधी? तुह्या मायनं आमच्या घरी अन् माह्या मायनं तुमच्या घरी. ती पोरगी समोर बसून माह्या हाताकडं पाह्यते अन् मी एकटीच गटकन गिळू? कम्प्युटरले शेजारपाजार नाही, मले हाय.

इतकी वेडी नाही मी. तिले नीट सांगतलं, बुधवारीच घ्यायची. माहं बोलणं फोनवर तिलेही समजत नाही, म्हणून आमचं ठरलं, गोळी घेतली की तिनं मले एक मिस कॉल द्यायचा. बुधवार उजाडला की फोन वाजते. मागच्या तपासणीले आली तवा तिले रुमालात बांधून आणखी देल्या. आता त माया इतकी वाढली का रोजच मिस कॉल देते. सकाळी चहा ठेवला की फोन वाजलाच. मीही परत एक देतो. नितेश म्हणते, आई, तुही नवीन मैत्रीण मावशीच्या पुढं गेली.

जळू नोको. तुही जागा कोणी घेत नाही.

जमुना

ता. क. अर्ध्या गोळ्याहिनं मले काही झालं नाही. कानाखाली थोडं टणक लागते, पण ते शेकानं असंल.


अकोला
१३ डिसेंबर २०२४

जमुना,

पहिले मले हे सांग, रोज काहून?

गोळी घेतली की मिस कॉल, असं तूच लिहिलं. मंग रोज मिस कॉल म्हणजे काय? माया म्हणतं तू. अल्ला करो अन् मायाच असो. पण पत्र हातात पडल्याबरोबर नितेशले सांगून परतवाड्याले फोन लाव. मीच लावला असता, नंबर नाही. नितेशले सांगणार होती, पण तू पोराले काय सांगतलं अन् काय नाही हे मले माहीत नाही. तुह्या घरात भांडण लावायची हिंमत झाली नाही.

तुले गोळी द्यायच्या आधी दर वेळी रक्त काढतात. तिचं रक्त कोण पाह्यते? ती त बिनगोळीची हाय, तिच्या रक्तात गोळी शोधीन कोण?

अन् दुसरं. तुले राग येईन, येऊ दे. तुमच्या मॅडम पाह्यतील का गोळीवाल्या बाया कशा राहिल्या अन् बिनगोळीवाल्या कशा. तुमी दोघीनं दोन्ही गट एका ताटात कालवले. आता जे निघीन ते खोटं निघीन. अन् त्या खोट्यावर उद्या कोणाचा तरी इलाज होईन. तो माणूस माह्या घरचाही असू शकते. तुरीची शेंग अन् औषध एक नसते, जमुना. वानोळ्यानं कोणी मरत नाही.

मॅडमले सांग. कान दाखव. माही कसम हाय.

रईसा


अमरावती
१८ डिसेंबर २०२४

रईसा,

तुहं पत्र काल आलं. पहिली ओळ वाचली अन् फोन हातात घेऊन मिस कॉल मोजले.

चंदाचा मिस कॉल तीन-चार दिवसापासून बंद होता. मले वाटलं, रुसली असंल. नितेशले लगेच फोन लावायले सांगतला. सूर्यभाननं उचलला. चंदाच्या तोंडात सारे फोड झाले, पाणी गिळत नाही, ताप उतरत नाही, अंगावर लाल ठिपके. त्याले वाटते रोग फिरून आला. घरच्याहिनं ठरवलं, आता दवाखान्यात नेऊन तिचे हाल करायचे नाहीत, घरीच शांत जाऊ द्यायचं.

रोग नाही तो. ती रोज घेऊन राहिली होती. मले रोज सकाळी फोन वाजवून सांगत होती अन् मी चहा पीत हासत होती.

नितेशले सांगायले बसली. पाटीवर लिहायले घेतलं अन् पुसलं. मॅडमले सांगतलं त अभ्यासातून माहं नाव काढतील, गोळी बंद करतील. अन् कानाखालचं टणक वाढून राहिलं, रईसा, मी तुले थोडं म्हटलं होतं, थोडं नाही ते. माही गोळी गेली त माह्याजवळ काय राह्यते? असा इचार येते मनात. त्या पोरीच्या जिवाचं असं झालं तरी असा इचार येते.

तू काय म्हणतं ते लवकर लिही. नाही त नोको लिहू. लिहिशीन ते मले माहीत हाय.

जमुना


अकोला
२१ डिसेंबर २०२४

जमुना,

पत्र आज मिळालं. लगेच नितेशले फोन लावला. तो म्हणे, आई आज सकाळी कोणाले न सांगता घरातून गेली, शेजारच्या बाईनं परतवाड्याच्या बसमंधी बसतानी पाह्यली. तुहा फोन घरीच वाजून राहिला. तो तुले शोधायले निघते म्हणे.

मी आता काय करू? रजई शिवायले घेतली, सुई तिसऱ्यांदा बोटात गेली. तू बोलशीन कशी तिथं? तुले समजून घेणारं कोण हाय? म्हणून हे लिहून राहिली, कोणासंगं तरी बोललं पाहिजे.

तुले एक सांगायचं राहिलं. आमच्या ह्याहिचं तोंड उघडत नाही. दिवाळीपासून दोन बोटं जातात, तिसरं जात नाही. गालाच्या आतून पांढरं पडलं. भाकर कुस्करून देतो. इतक्या वर्साचा तंबाखूचा खर्रा. कामाचा ताण म्हणून मी तुले खोटं लिहिलं, तू आधीच दुखण्यात, म्हणून. तुमच्या अभ्यासाचं मी इतकं रागानं लिहिलं ते काही इमानदारीनं नाही. मले वाटलं, तुमच्या दोघीतून जे निघीन त्यावर ह्याहिचा इलाज होईन. भेव वाटलं, जमुना.

सुखरूप परत ये.

रईसा


अमरावती
३ जानेवारी २०२५

रईसा,

पहिले हे वाच, चंदा जिवंत हाय. आता सावकाश सांगतो.

तुह्या पत्राची वाट नाही पाह्यली. बसमंधी साऱ्या वाटेनं एकच घोकून राहिली, सूर्यभानले कसं सांगू. घरी गेली त बाया जमलेल्या. मले पाहून एकीनं सरकून जागा देली, मयतीच्या घरी देतात तशी. चंदा खाटेवर, ओठ फुटलेले, डोळे खोल गेलेले. सूर्यभान म्हणे, काकू, बरं केलं आल्या, उद्या तिले मोझरीले समाधीच्या दर्शनाले नेतो, तिची तेवढीच इच्छा हाय.

मी सांगायले लागली. साऱ्या जन्मात इतकी नीट, इतकी हळू बोलली नसन. कोणालेच समजेना. एक बाई म्हणे, बुढीले लय दुःख झालं. मले हासू आलं रईसा, त्या वेळीही. जन्मभर साऱ्या गावाची टिंगल केली अन् कामाच्या दिवशी चार शब्द निघेनात.

मंग मी चंदाच्या उशीखाली हात घातला. माहा रुमाल तिथंच होता, त्यात दोनच गोळ्या उरल्या होत्या. पिशवीतून माही पट्टी काढली अन् दोन्ही सूर्यभानच्या तळहातावर ठेवलं, पिवळ्याशेजारी पिवळं. त्याच्या डोळ्यात पाहून एकेक शब्द तोडून म्हटलं,

“रोग नाही. गोळी. माही गोळी.”

त्याले समजलं. मले वाटलं, आता हाणते. तेवढ्यात चंदानं पडल्या पडल्या हो म्हणून मान हलवली. त्यानं तिले उचलून जीपमंधी निजवली, मलेही बसवलं. वाटेत तिनंच सांगतलं. त्याहिच्या गल्लीतली एक बाई याच रोगानं गेली, ते पाहून तिले भेव पडलं, म्हणून बुधवारची गोळी रोज घ्यायले लागली. लपवलं नोतं तिनं काही. मले वाटते तिचा दोष नाही.

सूर्यभाननं अमरावतीपर्यंत जीप कुठं थांबवली नाही. मॅडमले मी पाटीवर सारं लिहून देलं, पुसून पुसून चार पाट्या. त्याहिनं पहिले चंदाले गोळीचा असर उतरवायची सुई लावली, वेगळ्या खोलीत ठेवलं. म्हणाल्या, आणखी दोन दिवस गेले असते तर हाती लागली नसती. रक्तातल्या पांढऱ्या पेशी संपत आल्या होत्या. मंग मले जवळ बसवलं. रागावल्या नाहीत, त्यानं जास्त वाईट वाटलं. म्हणाल्या, कोणाला देऊ नका एवढं मी सांगितलं, का देऊ नका ते समजावलं नाही. अन् म्हणाल्या, तुम्ही गप्प राहिला असता तर चंदाचा मृत्यू बिनगोळीच्या गटात लिहिला गेला असता. लोकांनी म्हटलं असतं, गोळी न घेतल्यामुळे गेली.

ते ऐकून मी पाटी पुसली. अन् लिहिलं, अभ्यासातून माहं नाव काढता का?

“नाव काढता येत नाही, आजी. चिठ्ठी ज्या गटाची निघाली त्यातच शेवटपर्यंत मोजायचं. आणि जे झालं ते खरं लिहायचं, माझ्या अभ्यासाला बाधलं तरी.”

माही गोळी सध्या बंद. वरची समिती ठरवीन. कानाखालचंही दाखवलं, सुईनं काढून तपासायले धाडलं. उत्तर यायचं हाय.

रोज दवाखान्याच्या बाकावर येऊन बसतो. चंदाच्या पेशी अजून म्हणाव्या तशा वर नाहीत. सूर्यभान बाकाच्या दुसऱ्या टोकाले बसते.

घरी आली तवा तुहं पत्र पडलेलं. दोन बोटं जातात अन् तू कामाचा ताण लिहितं? कॅन्सरवालीपासून कॅन्सर लपवतं? बसा उद्याच्या गाडीत.

जमुना


अकोला
१० जानेवारी २०२५

जमुना,

पत्र छातीशी धरून बसली होती. नगमानं चहा आणून देला तवा उठली.

हे यायले तयार नाहीत. म्हणतात, जमुनाबाईचे हाल मी पाह्यले, बोलता येत नाही, खाता येत नाही, तसं जगून काय करू. मी लय बोलली, रडली, भांडली. त्याहिले तुह्यासारखं होण्याचं भेव हाय, मी काय सांगू? तूच लिही. मस्करीत नाही, जसं हाय तसं. मी त्याहिले वाचून दाखवतो.

तुह्या कानाखालचं काय निघालं? चंदा कशी हाय?

रईसा


अमरावती
१९ फेब्रुवारी २०२५

रईसा,

उशीर झाला, कानाखालचं उत्तर येईपर्यंत लिहायले बसलीच नाही. पहिले जहीरभाऊसाठी.

जहीरभाऊ, वाईट हाय. पोळी दुधात कालवून खातो. मिरचीचा ठेचा पाह्यला तरी डोळ्यात पाणी येते, खायचं त सोडूनच द्या. तोंड कोरडं पडते, बाटली सोबत ठेवतो. दुकानदार मले मुकी समजून जोरानं बोलते. राग येते. माहा रोग मोठा झाल्यावर कयला, म्हणून इतकी जीभ गेली. तुमचं अजून तेवढं झालं असंल का नाही, ते इथं आल्याबिगर कोणी सांगू शकत नाही. रोज सकाळी मी उठतो अन् पहिले कानाखाली हात लावून पाह्यतो. मंग चहा थंड करून पितो. मले तो चहा पाह्यजे असते. इतकंच सांगता येते.

आता तुह्यासाठी. कानाखालची गाठ रोगाची नाही निघाली, शेकानं टणक झालेलं मांस हाय. दर तपासणीले पाहू म्हणाल्या. नाही म्हटल्यावरही मले दोन रात्री झोप नाही आली.

चंदा जानेवारी सरता सरता घरी गेली. माह्याबद्दल समितीनं ठरवलं, गोळी परत चालू, पण घरी न्यायची नाही, दर बुधवारी दवाखान्यात सिस्टरसमोर गिळायची. चंदा तिच्या गटातच, बिनगोळीची. कोणाचं नशीब चांगलं, मॅडमले अजूनही माहीत नाही. मी आज परत इचारलं, त्या परत तेच म्हणाल्या.

आज बुधवार. चंदाचीही आजच तपासणी. सिस्टरनं माह्या तळहातावर सहाही गोळ्या ठेवल्या अन् चंदा समोरच बसलेली. माहा हातच उठेना. गोळ्या घामानं चिकटायले लागल्या, सिस्टर घाई करून राहिली. मले वाटलं, चंदानं जरा बाहेर जावं. ती गेली नाही. उठली, पाण्याचा गिलास भरून माह्या हातात देला अन् म्हणे,

“घ्या काकू. साऱ्या घ्या. मी पाह्यतो.”

घेतल्या. शेकानं माहा घसा बारीक झाला, एकेक गोळी उतरायले वेळ लागते. ती सहावी उतरेपर्यंत उभी होती. मंग म्हणे, आ करा. मी आ केला. तिनं मोबाईलचा लाईट लावून गालाच्या आत, जिभेच्या खाली, हिरड्याच्या मागं सारं पाह्यलं, जसं मॅडम पाह्यतात. मंग स्वतः बसली, तोंड उघडलं अन् मोबाईल माह्या हातात देला. दारात सूर्यभान उभा होता. म्हणे, काकू, झालं की जीपमंधी बसा, खोलीवर सोडतो.

आता दर बुधवारी असंच करायचं ठरलं. ती माहं तोंड पाहीन, मी तिचं. जहीरभाऊले घेऊन ये, त्याचंही पाहू. मॅडमले सांगून ठेवलं, त्या बोटांनी किती उघडते ते पाहतील अन् गालाचा तुकडा तपासतील, पहिल्या दिवशी त्याहून जास्त काही नाही.

चंदाच्या तोंडात मी लय वेळ लाईट मारला. डावीकडं एक जागा लालसर वाटली, परत पाह्यलं, ती जुन्या फोडाची खूण होती. आज काही दिसलं नाही.

जमुना